सायकलकट्टा : जंगलाच्या आत नको, कडेकडेनं

गेल्या अंकात ग्रॅव्हल सायकलबद्दल (म्हणजे खडी-मातीच्या कच्च्या वाटांवर चालवायची जाड टायरची सायकल) अर्धं पान लिहिलं होतं, त्यावर एवढे प्रश्न आले की संपादक म्हणाले या वेळी बाकी काही नको, नुसती उत्तरंच दे. नावं घालू नका असं काहींनी कळवलं म्हणून सगळ्यांचीच काढून टाकली, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : दादा, मी आणि दोघं मित्र डिसेंबरात भीमगड अभयारण्यातनं ग्रॅव्हल राइड काढायची म्हणतोय. मोबाइलच्या मॅपवर जांबोटीकडनं गवाळी, तळेवाडी करत हेम्मडग्याकडं निघणारी बारीक रेष दिसतेय, सॅटेलाइटमध्ये पण दिसतेय. एका दिवसात होईल का? परमिशन लागते की पहाटे लवकर घुसलं की चालतं?

उत्तर : "घुसलं की चालतं" हे वाचून हसू पण आलं आणि भीती पण वाटली. चालत नाही रे बाबा. भीमगडला २०११ मध्ये अभयारण्य जाहीर केलंय, साधारण १९० चौरस किलोमीटर, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम २७ सरळ सांगतं की अभयारण्यात कोण जाऊ शकतं, म्हणजे तिथं राहणारे, तिथं ज्यांची जमीन आहे ते, कामावरचे सरकारी लोक, सार्वजनिक हमरस्त्यानं नुसते पलीकडं जाणारे, आणि बाकीच्यांनी परवाना काढूनच जायचं. तिथल्या गावचा माणूस त्या वाटेनं सायकलवरनं गेला तर तो घरी चाललाय. आपण गेलो तर आपण घुसलोय. मॅपला हा फरक कळत नाही, त्याला कुणीतरी कधीतरी त्या वाटेनं गेलेलं दिसतं आणि तो रेष मारून मोकळा होतो.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत तेच आहे. कारण सायकलचा आवाज येत नाही. मोटरसायकल लांबून ऐकू येते, चालणारा माणूस हळू असतो, पण उतारावर पंचवीसच्या स्पीडनं, आवाज न करता वळणावर येऊन आदळणारी वस्तू म्हणजे ग्रॅव्हल सायकल. खानापूरच्या जंगलात अस्वलं आहेत आणि अस्वल मुद्दाम माणूस हुडकत येत नाही, ते दचकलं की अंगावर येतं. गव्याचं पण तसंच, मोठा नर एक टनापर्यंत भरतो आणि तो वाटेत उभा असला तर वाट त्याची. अशा ठिकाणी तुमचा ब्रेक चांगला असून उपयोग काय.

शिवाय त्या जंगलात जे आहे ते सायकलवरनं दिसणारं नाहीच. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ राहतं, १९१३ साली शास्त्रज्ञांनी त्याची पहिली नोंद केली आणि पुढं कित्येक वर्षं जगात या एकाच ठिकाणी ते आहे असंच समजलं जायचं. त्या गुहेच्या आसपास आपण हेडलाइट लावून पहाटे फिरायचं? नको.

मग काय करायचं तर कडेनं जायचं. माझं म्हणणं असं की आपल्या भागात ग्रॅव्हलची मजा जंगलाच्या पोटात नाहीच, ती जंगल आणि शेत जिथं भेटतात त्या पट्ट्यात आहे, पाणंदी, गाडीवाटा, मुरमाचे जोडरस्ते, एका गावच्या देवळाकडनं दुसऱ्या गावच्या शाळेपर्यंत. तुम्ही तिघं खानापुरापर्यंत गाडीत सायकली टाकून जा (चौपदरी हायवेवरनं पेडल मारत जाण्यात राम नाही), तिथनं असोग्याला मलप्रभेच्या काठी रामलिंगाचं देऊळ, मग नंदगड, जिथं १८३१ मध्ये संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिली, तिथनं हलशी. हलशी एकेकाळी कदंबांची राजधानी, भूवराह नरसिंहाचं देऊळ बघायला तास काढाच, सायकल ओट्याला लावून बाहेर ठेवा आणि कुलूप असलं तर बरं. मुख्य रस्ता डांबरी आहे पण गावागावातनं आतल्या वाटा निघतात, त्या विचारून घ्यायच्या. आरामात अर्धा-पाऊण दिवस जातो.

हेम्मडग्याकडं जायचंच असेल तर खानापूर-हेम्मडगा-अनमोड हा डांबरी सार्वजनिक रस्ता आहे. दिवसा, डांबर सोडायचं नाही, आणि पावसाळ्यात हालात्रीच्या पुलावर पाणी आलं की रस्ता बंद होतो, तेव्हा पाणी "एवढंच तर आहे" असं म्हणून सायकल खांद्यावर घेऊन उतरायचं नाही.

प्रश्न (उचगाव) : नवीन ग्रॅव्हल सायकल साठ-सत्तर हजाराच्या खाली दिसत नाही. घरात बाबांची जुनी अठ्ठावीस इंची काळी सायकल आहे, दूध घालायला वापरायचे. तीच चालेल का की लोक हसतील?

उत्तर : हसतील ते हसू द्यात, तुमच्या प्रश्नानं मला लई आनंद झाला. आज संध्याकाळी एक काम करा, फडक्यानं त्या सायकलच्या टायरची बाजू पुसा आणि उजेडात वाचा. मोठ्या अक्षरात २८ × १ १/२ असेल आणि त्याच्या बाजूला बारीक ४०-६३५. ते ४० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. आज दुकानात ग्रॅव्हल सायकल म्हणून जी विकतात तिचा टायर पण ३८ ते ५० च्या मधलाच असतो. अमेरिकेत कॅन्सस राज्यात २००६ पासून खडीच्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत होते आणि तिथनं हे ग्रॅव्हलचं वारं सगळीकडं पसरलं, पण उचगावचा दूधवाला दोन्ही बाजूला कॅन लटकवून त्याच रुंदीच्या टायरवर त्याच असल्या रस्त्यानं कधीपासनं जातोय, त्याला कुणी मेडल दिलं नाही.

आता अडचणी. ६३५ म्हणजे रिमचा व्यास, नवीन ग्रॅव्हलचा ६२२ असतो, त्यामुळं ऑनलाइन बघून भारी टायर मागवलात तर तो बसणार नाही, गावातल्या दुकानातलाच घ्या. दुसरं, गिअर एकच. पुढच्या चक्राचे दात मोजा, मागचे मोजा, भागाकार करा, अडीचच्या आसपास येईल. ग्रॅव्हल सायकलला चढावर हाच आकडा एकाच्या खाली आणता येतो म्हणून तो माणूस बसून चढतो आणि तुम्ही उतरून ढकलता. ढकलण्यात कमीपणा नाही, बाबा पण ढकलतच असणार. तिसरं मात्र गंभीर आहे, त्या सळीच्या ब्रेकवर लांब उतार उतरू नका, स्टीलचं रिम ओलं झालं की ब्रेकचं रबर नुसतं घसरतं. सपाटीला, बांधाकडच्या वाटेला बिनधास्त चालवा. घाटाला नको.

पैसे साठवून घ्यायचंच असेल तर वापरलेली चांगली एमटीबी (माउंटन बाइक, डोंगरातली सायकल) बघा, पुढचा शॉकअप लॉक होणारा असला तर उत्तम, आणि कमी गुट्ट्यांचे टायर टाका. नव्वद टक्के मजा तीच.

प्रश्न (नेहरूनगर, बेळगाव) : लाल मातीच्या उतारावर माझी सायकल कायम सटकते. टायर नवा आहे, हवा पण फुल्ल भरतो.

उत्तर : हवा फुल्ल भरता तेच चुकतंय. मी पण हेच करायचो आणि त्याची खूण डाव्या कोपरावर अजून आहे. तीन वर्षांमागं वैजनाथकडनं देवरवाडीच्या बाजूला एका कच्च्या वाटेनं खाली येत होतो, टायरात साठ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), डोक्यात वारं. आपल्याकडं जांभा दगड झिजला की त्याचे वाटाण्याएवढे गोल खडे होतात, खाली जांभ्याचा टणक तळ आणि वरती हे खडे सुटे पसरलेले, म्हणजे घरातल्या फरशीवर साबुदाणा सांडल्यासारखं. घट्ट फुगलेला टायर त्यांच्यावरनं लोळतो, धरत नाही. पुढचं चाक वळणावर बाहेर गेलं आणि मी आत. गवताचा भारा घेऊन एक आजी चढत होत्या, त्यांनी भारा खाली टाकला, कोपरावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "पोरा, हितं बैलबी बघून पाय टाकतो." झालं, तेव्हापासनं त्या वाटेवर मी पण बघूनच टाकतो.

हवेचं सांगायचं तर चाळीस मिलिमीटरचा टायर आणि सत्तर किलोचा माणूस असेल तर ट्यूब असताना साधारण चाळीस पीएसआय, ट्यूबलेस असेल तर पस्तीसच्या आसपास, मागच्या चाकात पुढच्यापेक्षा दोन-तीन जास्त. अंगठ्यानं दाबून बघायची सवय सोडा, छोटा गेज घ्या. अजून कमी केलात की दगडावर रिम आपटून ट्यूबला सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात, तेव्हा तिथं थांबा. आणि ब्रेक वळणाच्या आधी मारा, वळणात नाही. बूड सीटच्या मागं, नजर पुढच्या चाकावर नको, जिथं जायचंय तिथं. एवढंच. हे वाचून जमत नाही, एखाद्या मोकळ्या सड्यावर दहा वेळा करून बघावं लागतं.

प्रश्न (बैलहोंगल) : सगळे पश्चिमेकडचंच लिहिता. आमच्याकडं ग्रॅव्हल नाही का? आणि सीझन कुठला?

उत्तर : आहे की. पण तुमचं रान काळं आणि आमचं लाल, म्हणून सीझनचं उत्तर दोन तऱ्हेचं. काळ्या मातीत एक सर पडली की राइड संपली, चिखल टायर आणि फोर्कच्या मध्ये अडकतो, चाक फिरायचं थांबतं, मग काडीनं उकरत बसा. जानेवारी-फेब्रुवारीत सुगी झाल्यावर तुमच्यासारखं रान नाही, वाटा कडक, हवा कोरडी, गोकाककडं टेकड्या पण आहेत. धबधबा म्हणाल तर ५२ मीटरवरनं पडतो, पण फेब्रुवारीत त्यात काही नसतं आणि ऑगस्टात तो भरलेला असतो तेव्हा वाटा राड झालेल्या असतात, दोन्ही एकदम मिळत नाही. सराट्याच्या काट्यांची मात्र तयारी ठेवा, ट्यूबलेसमध्ये सीलंट (भोक आतनं बुजवणारं पातळ औषध) किंवा दोन जादा ट्यूबा.

लाल मातीत पाणी मुरतं, त्यामुळं जांबोटी-खानापूरकडं दसरा झाला की आठवड्या-दोन आठवड्यात निघता येतं. नोव्हेंबर ते जानेवारी सगळ्यात बेस्ट. मार्चनंतर नुसता धुरळा, आणि एप्रिल-मेमध्ये करवंदं-फणस पिकले की अस्वलं पण त्याच झाडांखाली. पावसाळ्यात पश्चिमेकडं कच्च्यात जाऊच नये, ओल्या गाडीवाटेवर पडलेली टायरची चर पुढं वाळून तशीच राहते आणि बैलगाडीचं चाक त्यात अडकतं.

प्रश्न (टिळकवाडी) : मी ४६ वर्षांची आहे, रस्त्यावर तीस-चाळीस किमी रोज करते. कच्च्या रस्त्याला एकटीनं जायला घरचे नको म्हणतात. मला कन्नड पण फारसं येत नाही. सुरुवात कुठनं करू?

उत्तर : ताई, रोज चाळीस करताय म्हणजे पायांचा प्रश्नच नाही. सुरुवात बेळगुंदी-बिजगर्णी-राकसकोप अशी करा. मार्कंडेय नदीवरचं राकसकोपचं धरण, जिथनं आपल्या शहराला पाणी येतं, तिथपर्यंत गावं लागून आहेत, दर थोड्या अंतरावर माणूस भेटतो, भात कापणीच्या दिवसांत तर सकाळी सातला अख्खं गाव शिवारात असतं. डांबरी धरून जा आणि मधल्या पाणंदी एकेक करून जोडत चला, पहिल्या रविवारी एक, पुढच्याला दोन. ते जमलं की शिनोळीकडनं देवरवाडी, वैजनाथ आणि वर महिपाळगड. तो चढ चांगला आहे आणि वरती किल्ल्यातच गाव आहे, म्हणजे चहा मिळायची आशा. तेवढ्यात महाराष्ट्रात जाऊन पण आलात, सायकलला कोण अडवत नाही.

घरच्यांचं म्हणणं मी सरसकट उडवून लावणार नाही. जंगलाच्या बाजूला एकट्यानं जाऊ नये हे मी पुरुषांना पण सांगतो, पडलात तर उचलायला कोणीतरी हवं आणि कणकुंबी-हेम्मडग्याकडं रेंज जाते. राकसकोपच्या वाटेला एकटीनं जायला हरकत नाही असं मला वाटतं, पण कुठल्या वाटेनं गेलात आणि किती वाजता परत येणार ते घरी लिहून ठेवा. बाथरूमचं खरं सांगायचं तर वाटेत सोय नाही. एखाद्या घरी बाई अंगणात दिसली की विचारायचं, माझी बायको तसंच करते आणि प्रत्येक वेळी वर चहा पण होतो.

कन्नडचं टेन्शन घेऊ नका, या पट्ट्यात गावागावात मराठी आहे. पण वनखात्याचा गार्ड किंवा खालच्या बाजूचा ट्रॅक्टरवाला भेटला तर "अण्णा, ई दारी एल्लि होगतैत्री?" म्हणजे ही वाट कुठं जाते, एवढं पाठ करा. 'री' विसरू नका, त्या एका अक्षरात सगळा मान आहे. आणि तीन शब्द समजले पाहिजेत : आने म्हणजे हत्ती, करडी म्हणजे अस्वल, काडुकोण म्हणजे गवा. यातला कुठलाही शब्द ऐकला की पुढची चौकशी न करता सायकल वळवायची.

प्रश्न (चंदगड) : हत्ती आडवा आला तर घंटी वाजवायची का?

उत्तर : नाही! घंटी आंधळ्या वळणावर, लांबनं, अस्वल-गव्याला आधीच कळावं म्हणून. हत्ती समोर दिसला की आवाज बंद, फोटो बंद, सायकल हळूच वळवून आलात तसं मागं. चंदगड-आजऱ्याच्या लोकांना मी काय हत्ती शिकवणार, २००२ पासनं कर्नाटकातनं ते तुमच्या बाजूला येतायत, तुम्हीच आम्हाला लिहा.

प्रश्न (खानापूर) : जंगलाकडनं आल्यावर पायाला गोचिड्या चिकटतात. माकडतापाची भीती खरी आहे का?

उत्तर : खरी आहे. हा रोग पहिल्यांदा १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, आणि गेल्या दहा वर्षांत आपल्याला लागूनच असलेल्या गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गात दोडामार्गकडं पण रुग्ण निघाले. पसरतो तो गोचिडीतनं, आणि जोर साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपला राइडचा सीझन. म्हणून काय तर लांब मोजे, विश्रांतीला पालापाचोळ्यात आडवं व्हायचं नाही, दगडावर किंवा डांबरावर बसा. घरी आल्यावर कपडे सरळ गरम पाण्यात आणि गुडघ्यामागं, जांघेत, काखेत, कानामागं बघून मग आंघोळ. गोचीड दिसली तर चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढायची, चिरडायची नाही, तेल-रॉकेल लावत बसायचं नाही. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, आरोग्य केंद्रात कळवायचं. आणि नंतर आठ-दहा दिवसांत एकदम ताप, डोकं आणि अंग ठणकायला लागलं तर डॉक्टरला आपणहून सांगा की जंगलाकडं गेलो होतो. ते सांगितलं नाही तर डॉक्टर साधा व्हायरल म्हणून सोडून देण्याची शक्यता असते.

प्रश्न (देसूर) : रेल्वेत सायकल नेता येते का, लोंढ्यापर्यंत?

उत्तर : लगेज म्हणून बुक करून ब्रेकव्हॅनमधनं जाते, पण छोट्या स्टेशनवर गाडी थांबते किती आणि तुम्ही उतरवणार कधी. मी एकदा केलं, परत केलं नाही. चौघांनी मिळून पिकअप करा.

शेवटचं पत्र (बिजगर्णी) : हा प्रश्न नाही. मागच्या महिन्यात आठ-दहा जण रंगीत कपडे, गॉगल घालून आले आणि आमच्या रताळ्याच्या सऱ्यांतनं सायकली काढल्या, वाट तिकडनं नव्हतीच. वर जाताना कुंपणाचं कवाड उघडं टाकून गेले, दोन म्हशी आत शिरल्या आणि निम्मे वेल खाल्ले. तुम्ही मासिकात लिहिता म्हणून लोक येतात. आम्ही कुणाला सांगायचं?

उत्तर : मला सांगायचं. काका, ते कोण होते ते मला कळलं नाही, चौकशी केली, कुणी पुढं आलं नाही. पण ती वाट मीच दोन वर्षांमागं इथं लिहिली होती आणि तेव्हा "बांधाच्या कडेनं" एवढंच लिहून सोडलं होतं. कुठला बांध, कुणाचा, कवाड उघडलं तर लावायचं, हे लिहिलं नव्हतं. चूक माझी निम्मी तरी आहे. ती वाट आजपासनं या पानावर येणार नाही, आणि ज्यांच्याकडं तिचा ट्रॅक सेव्ह केलेला आहे त्यांनी तो डिलीट करा.

रताळ्याची सरी दिसायला नुसता मातीचा उंचवटा दिसतो, शहरातल्या माणसाला वाटतं रिकामं रान आहे आणि चाकाला मऊ लागतं म्हणून मजा पण वाटते. चाक वरनं गेलं की माती दबते, वेल तुटतो. माझे मामा सांबऱ्याकडं शेती करायचे तरी मला हे तुमच्या पत्रानंतर कुणाला तरी विचारून कळलं, लाज वाटते सांगायला.

संपादकांकडं तुमचा नंबर ठेवून घेतलाय. राहिलेली काढणी कधी आहे ते कळवा, आम्ही चौघं येतो, एकाला कुदळ धरता येते, बाकीच्यांना पोती उचलता येतात. जाताना दहा किलो रताळी पाहिजेत, बाजारभावानं, फुकट देऊ नका.